पेटीच्या झाकणातली यादी

इच्छापूरच्या टेकडीवर, देवीच्या देवळाच्या पायऱ्या चढून उभे राहिले, की चहूकडे केळीच्या बागा दिसतात. उत्तरेस बऱ्हाणपूर आणि तापी, दक्षिणेस थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द. समुद्र मात्र कोणत्याच दिशेला दिसत नाही. तापीमाई सुरतेजवळ सागराला मिळते, एवढाच काय तो आम्हा निमाडकरांचा समुद्राशी संबंध. अशा गावातल्या एका निवृत्त महसूल अधिकाऱ्याने समुद्रतळाशी उतरणाऱ्यांच्या साहित्याविषयी आणि त्या साहित्याच्या विम्याविषयी लिहावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटले असते. परंतु आयुष्यात काही विषय आपण निवडत नाही. ते मुलांच्या हाताला धरून घरात येतात.

आमची धाकटी कन्या अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात नोकरीला लागली. एकदा मैत्रिणींसमवेत मालवणला गेली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या पाण्यात प्रथमच तोंडात नळी धरून खाली उतरली. त्या अर्ध्या तासाचे वर्णन तिने मला फोनवर दीड तास ऐकविले. पुढे रजा साठवून तिने रीतसर शिक्षण घेतले, एकामागून एक प्रमाणपत्रे मिळविली आणि एके दिवशी नोकरीचा राजीनामा देऊन ती प्रशिक्षक झाली. आता हिवाळ्याचे काही महिने ती अंदमानात असते, उरलेला काळ कोकणात, आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की आमच्या ओसरीवर. आमच्या घराण्यात आजवर कोणी कारकून झाले, कोणी मास्तर, कोणी पटवारी. पाण्यात बुडून पोट भरणारी हीच पहिली, असे माझी आई म्हणते.

अशा प्रशिक्षकाला स्वतःचे साहित्य लागते. हवेचे सिलिंडर आणि कमरेची शिसाची वजने तेवढी तिथल्या केंद्रावर मिळतात. बाकीचे स्वतःचे असलेले बरे. सिलिंडरातील प्रचंड दाबाची हवा श्वास घेण्याजोगी करून देणारा रेग्युलेटर, पाण्यात तरंगणे-बुडणे सांभाळणारे जाकीट (त्याला ही मंडळी बीसीडी म्हणतात), किती खोल आणि किती वेळ गेलो याचा हिशेब ठेवणारे मनगटी यंत्र, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, पायांतले पंख, मुखवटा, पाण्याखालची बॅटरी. तिने हे सारे एकदम घेतले नाही. तीन वर्षांत जमविले. रेग्युलेटर तर मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी प्रशिक्षकाकडून वापरलेला घेतला, बेचाळीस हजारांत. तोच नवा घेतला असता तर सत्तर हजारांच्या घरात गेला असता. माझ्या ग्रॅच्युइटीतून मी दिलेली रक्कम तिने भेट म्हणून स्वीकारली नाही; दरमहा चार हजारांनी फेडीन म्हणाली, आणि फेडू लागली. एकूण साहित्याची किंमत पावणेदोन लाखांच्या आसपास झाली होती. एका बॅगेत मावणारे, पंधरा-सोळा किलोंचे ते तिचे दुकान, शेत आणि बैलजोडी होते.

२०२२ च्या दिवाळीनंतर ती अंदमानला निघाली, तेव्हा ही बॅग आमच्या माजघरात भरली गेली. तिथेच कोपऱ्यात माझ्या पणजीची सागवानी पेटी आहे. पणजी पुण्याहून लग्न होऊन बऱ्हाणपुरास आली, तेव्हा तिच्याबरोबर आगगाडीतून आलेली. पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूने एक मोडी अक्षरांतला कागद चिकटविलेला आहे. त्यावर पेटीतल्या प्रत्येक वस्तूची नोंद आहे: लुगडी किती, तांब्याची भांडी कोणती, कोणत्या तपेल्याला पोचा आहे. अखेरीस ‘एकूण नग ४१’. आमच्यासारख्या, दक्षिणेतून इकडे येऊन स्थिरावलेल्या बऱ्याच मराठी घरांतून अशा पेट्या अजून असतील. वाचकांनी झाकण उघडून पाहावे.

आई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. नातीची बॅग भरताना ती खुर्चीत बसून पाहत होती. मध्येच म्हणाली, “बाई, यादी केलीस का? झाकणाला लाव.” कन्या हसली. म्हणाली, “आजी, ह्या बॅगेला झाकण नाही, चेन आहे.” मीही हसलो. छत्तीस वर्षे ज्याने पंचनाम्यावर नग, वजन, अंदाजे किंमत लिहिल्याशिवाय सही केली नाही, तो मी घरच्या पावणेदोन लाखांच्या ऐवजाची एक ओळ न लिहिता हसलो. ते हसणे पुढे बरेच दिवस माझ्या ध्यानात राहिले.

इंदूरहून एका महानगरात विमान बदलून ती पोर्ट ब्लेअरला पोहोचली (२०२४ साली त्या शहराचे नाव श्री विजय पुरम झाले). ती पोहोचली, बॅग पोहोचली नाही. विमानतळावरच तिने तक्रार लिहून घेतली आणि तिची प्रत मागून घेतली, हे शहाणपणाचे केले. तिसऱ्या दिवशी बॅग आली. स्वराज द्वीपाकडे जाणारी बोट सुटायला थोडाच अवधी होता. समोर आलेल्या कागदावर ‘सामान मिळाले’ अशी सही करून, बॅग खांद्याला मारून ती धावली. बेटावर पोहोचल्यावर पाहिले तो चेन एका अंगाने उसवलेली, जाकिटात हवा भरण्याच्या नळीचा सांधा तडकलेला, आणि रेग्युलेटरची पिशवी गायब.

तिचा फोन आला, तेव्हा ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, “बाबा, सोमवारपासून माझी पहिली तुकडी आहे.” मी नोकरीत असताना असे आवाज पुष्कळ ऐकले होते, गारपिटीनंतरच्या सकाळी शेतकरी असाच सपाट आवाजात बोलतो.

कागदपत्रांची लढाई माझ्या अंगावळणी पडलेली. मी चष्मा पुसला आणि कायदा वाचायला बसलो. हवाई मार्गाने न्यावयाच्या सामानाची जबाबदारी कोणावर व किती, याचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९२९ साली वॉर्सा येथे झाला. त्यात नोंदविलेल्या सामानाची भरपाई वजनावर ठरे. एका किलोला इतके फ्रँक. गव्हाच्या पोत्याला हा न्याय ठीक आहे. परंतु दोन-अडीच किलोंच्या रेग्युलेटरला आणि तेवढ्याच वजनाच्या जुन्या घोंगडीला एकच मोल लागते. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने सामानापुरता हा वजनाचा हिशेब काढून दर प्रवाशामागे एक कमाल मर्यादा घातली. भारत त्या करारात २००९ मध्ये सामील झाला आणि आपला १९७२ चा हवाई वाहतूक कायदा त्यानुसार सुधारला गेला. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी करारातली ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे आपल्या चलनात दीड लाखाहून अधिक, अशी झाली आहे. देशांतर्गत प्रवासाची मर्यादा मात्र कन्येच्या त्या प्रवासाच्या वेळी वीस हजार रुपये होती. पावणेदोन लाखांची बॅग आणि वीस हजारांची हद्द! त्याहून अधिक मोल हवे असेल, तर सामान सोपवितानाच त्याचे विशेष मूल्य जाहीर करून, कंपनीने मागितल्यास जादा शुल्क भरावे लागते. ही तरतूद करारात आहे. खिडकीशी उभे असताना ती किती प्रवाशांना ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा.

त्याच करारात आणखी दोन गोष्टी मला सापडल्या. पहिली अशी की, तक्रार न करता सामान ताब्यात घेतले, तर ते सुस्थितीत मिळाले असा सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो. दुसरी अशी की, नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करता येते. सामान उशिरा मिळाले एवढीच तक्रार असेल तर एकवीस दिवसांत. सकृद्दर्शनी पुरावा म्हणजे अंतिम पुरावा नव्हे, हे महसूल खात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. सही झाली होती, पण सात दिवस उलटले नव्हते. सहाव्या दिवशी आमची लेखी तक्रार गेली.

प्रवासाचा विमाही होता. तिकीट काढताना एका चौकोनात खूण केली की मिळतो, तो. विमापत्राची बारीक अक्षरे मी भिंगाखाली वाचली. सोपविलेले सामान ‘संपूर्णतः’ गहाळ झाले तरच भरपाई. बॅग आली असेल तर तिच्यातून काय गेले याच्याशी विमा कंपनीला कर्तव्य नाही. शिवाय मूळ बिल हवे. रेग्युलेटरचे बिल कोठून आणायचे? तो परदेशी प्रशिक्षक बिलबुक घेऊन थोडाच हिंडत होता! विमा कंपनीने दोन ओळींत दावा नाकारला. त्या दोन ओळींची भाषा मला परकी वाटली नाही. मीही नोकरीत तशाच ओळी लिहीत असे.

त्या दिवसांत रात्री झोप येत नसे, तेव्हा मी बऱ्हाणपूरच्या इतिहासाची पुस्तके चाळीत असे. आपल्या या गावाला प्रवासातल्या नुकसानीची ओळख जुनी आहे. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा व्यापारी मार्ग बऱ्हाणपुरावरून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने आला आणि बऱ्हाणपुरात शाहजादा परवीझला भेटला. पुढे त्याने कंपनीला जी पत्रे पाठविली, त्यांत भेटवस्तूंविषयी कडवट तक्रार आहे: सोनेरी चौकटींचे आरसे सांधे सुटून, कलई उडून खिळखिळे झाले होते. समुद्रप्रवासात मालाची काय दैना होते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आपले सावकार यावर उपाय जाणून होते. ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार त्यांच्यात चाले. माल सुखरूप पोहोचला, तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे. वाटेत बुडाला, तर हुंडीही बुडाली. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदावर. ‘विमा’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, ‘जोखीम’ मात्र बाजारातल्या प्रत्येकाच्या तोंडी होता. त्या सावकाराला माल नेणाऱ्याचे नाव, गाव, पत आणि गाठोड्यांची संख्या ठाऊक असे. चौकोनात खूण करून मिळणाऱ्या विम्यात कोणी कोणाला ओळखत नाही. म्हणून तिथे आपली ओळख, आपल्या वस्तूची ओळख, कागदानेच पटवावी लागते.

आणि इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, जी खरे तर मी विसरण्याचा बराच प्रयत्न केला होता.

नोकरीच्या मधल्या काळात मी एका तहसिलीत होतो. वैशाखात वादळ झाले आणि घड लागलेल्या केळी आडव्या पडल्या. मध्य प्रदेशात अशा आपत्तीत महसूल पुस्तक परिपत्रकाच्या सहा-चार या प्रकरणाखाली मदत दिली जाते. त्यासाठी पंचनामे होतात. एका बागेत मालक हजर नव्हता, तो शहरात राहत असे. उभा होता तो बटाईदार. रोपे त्याने आणलेली, खत त्याने घातलेले, पाणी त्याने दिलेले. कागदावर मात्र नाव मालकाचे. मी मालकाच्या नावाने पंचनामा केला. बटाईदाराने एक पिवळी पिशवी पुढे केली. तिच्यात रोपांच्या आणि खताच्या पावत्या होत्या. मी म्हणालो, “दादा, या पावत्यांचा इथे उपयोग नाही. नोंद कोणाच्या नावाची आहे, ते पाहावे लागते.” त्याने वाद घातला नाही. पिशवीची गाठ बांधत एवढेच विचारले, “साहेब, मग ह्या पावत्या म्या कायले ठेवल्या?”

मी उत्तर दिले नाही. जीप पुढच्या बागेकडे निघाली होती. नियम माझ्या बाजूने होता. पण नियमात त्याच्यासाठी काही वाट आहे का, शेजाऱ्यांचे जबाब घेऊन प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद शेऱ्यात तरी करता येईल का, वरिष्ठांना एक टिपण लिहिता येईल का, हे मी शोधलेच नाही. शोधूनही वाट नसती, तर गोष्ट निराळी होती.

आता मी माझ्या मुलीसाठी नेमकी तीच वाट शोधीत होतो. मूळ बिल नव्हते, पण बँकेतून बेचाळीस हजार दिल्याची नोंद होती. रेग्युलेटरची वर्षापूर्वी सर्व्हिसिंग केल्याची चिठ्ठी होती आणि तिच्यावर त्याचा क्रमांक होता. तिच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या छायाचित्रांत तो रेग्युलेटर तिच्या तोंडात दिसत होता. प्रवासाच्या आरंभी बॅगेचे वजन किती भरले, ते चिकटविलेल्या पट्टीवर होते. पोर्ट ब्लेअरला परत मिळाल्यावर तिने केंद्रावर वजन केले ते जवळजवळ तीन किलोंनी कमी भरले. हे सारे मी क्रमवार लावले, प्रत्येकाला परिशिष्ट क्रमांक दिला आणि विमान कंपनीला चार पानांचे पत्र लिहिले. शेवटच्या परिच्छेदात लिहिले की, थेट बिल नसेल तेव्हा इतर विश्वसनीय पुरावा विचारात घेणे हे न्यायाला धरून आहे. ते वाक्य लिहिताना मी थांबलो. पिवळ्या पिशवीतल्या पावत्याही दुसरे काय होत्या?

विमान कंपनीने आधी पाच हजारांचे प्रवास-कूपन देऊ केले. स्वीकारले असते, तर ‘संपूर्ण व अंतिम’ या शब्दांखाली सही करावी लागली असती. आम्ही नाकारले, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या तक्रार व्यवस्थेत प्रकरण नोंदविले. तीन महिन्यांनी वीस हजार मिळाले. कायद्याच्या मर्यादेत पूर्ण, आणि नुकसानीच्या निम्म्याहूनही कमी. तो सगळा हंगाम कन्येने केंद्राचा भाड्याचा रेग्युलेटर वापरून काढला. माझी मदत घेतली नाही, आणि एकाही महिन्याचे चार हजार चुकविले नाहीत. मी म्हटले, “हा हंगाम राहू दे.” ती म्हणाली, “बाबा, माझे नुकसान झाले, तुमचे कशाला?”

पुढल्या पावसाळ्यात ती घरी आली, तेव्हा आम्ही दोघांनी बसून रीतसर व्यवस्था लावली. समानधर्मी वाचकांपैकी कोणाची मुले-नातवंडे कॅमेरा, सतार, दुर्बीण वा असेच काही मोलाचे साहित्य घेऊन हिंडत असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ती येथे सांगतो.

पहिली गोष्ट, सगळे एका बॅगेत ठेवावयाचे नाही. रेग्युलेटर, मनगटी यंत्र आणि मुखवटा ही सर्वांत नाजूक व मोलाची त्रयी आता तिच्या हातातल्या सामानात असते. केबिनमध्ये साधारणतः सात किलोंची मुभा मिळते, तेवढ्यात ती बसते. पंख आणि पोशाख हरवले तर कोठेही भाड्याने मिळतात; स्वतःच्या श्वासाला सरावलेला रेग्युलेटर मिळत नाही. बॅटऱ्यांचे सुटे लिथियम सेल नियमानेच केबिनमध्ये न्यावे लागतात, त्यांची टोके झाकून. पाण्याखालच्या बॅटरीतून सेल काढून ठेवावा लागतो, कारण ती चुकून पेटली तर हवेत भयंकर तापते. सुरी मात्र सोपविलेल्या बॅगेतच. रेग्युलेटरच्या तोंडाला टोपण घट्ट बसवावे, नळ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवाव्यात, सांध्यापाशी वाकवू नयेत. पोशाखाच्या घड्यांत जाकीट गुंडाळावे, म्हणजे वेगळे वेष्टण लागत नाही. आणि बॅग साधी, मळकट असावी. साहित्य बनविणाऱ्या कंपनीचे ठळक नाव मिरविणारी बॅग आत काय आहे ते सगळ्यांना ओरडून सांगते.

दुसरी गोष्ट विम्याची. बऱ्हाणपूरच्या विमा प्रतिनिधीने असले साहित्य जन्मात ऐकले नव्हते. “पाण्याखाली वापरणार? मग अवघड आहे,” तो म्हणाला. शेवटी कॅमेरे, यंत्रे अशा फिरत्या साहित्याच्या सर्व-जोखीम विम्यात ते बसले. प्रवासातली मोडतोड, चोरी, गहाळ होणे सारे त्यात आले. पाण्यात वापरताना होणारे नुकसान वगळले गेले. म्हणजे समुद्रात उतरल्यावर विमा काठावरच कोरडा बसतो! पण आम्हाला भय जमिनीवरच्या आणि हवेतल्या प्रवासाचे होते, म्हणून ते चालले. प्रतिनिधीने सुचविले की, ‘छंदासाठी’ असे लिहा, हप्ता कमी बसेल. मी म्हटले, “मुलीचे पोट यावर आहे, तेच लिहा.” विमा हा परम विश्वासाचा करार मानतात, अर्जात लपविलेली एक गोष्ट दाव्याच्या वेळी सगळा करार बुडवू शकते.

किमतीचेही तसेच. हप्ता वाचविण्यासाठी निम्म्या किमतीचा विमा उतरविला, तर नुकसानीच्या वेळी भरपाईही त्याच प्रमाणात निम्मी होते. एक लाख साठ हजारांचे साहित्य ऐंशी हजारांना उतरविले आणि त्यातले चाळीस हजारांचे गेले, तर हाती वीसच येतात, जरी चाळीस हा आकडा ऐंशीच्या आतला असला तरी. शिवाय जुन्या वस्तूला घसारा कापून मोल मिळणार की नव्या वस्तूची किंमत मिळणार, हे आधीच विचारून विमापत्रात लिहून घ्यावे. आणि विमा कंपनीला न विचारता विमान कंपनीच्या ‘संपूर्ण व अंतिम’ कागदावर सही करू नये. भरपाई दिल्यावर विमान कंपनीकडून वसुली करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तो हक्क आपणच विकून बसलो, तर आपला दावाही अडतो. दावा अन्यायाने नाकारला गेलाच, तर आधी विमा कंपनीकडे लेखी गाऱ्हाणे आणि मग विमा लोकपाल, हा मार्ग असतो. आपल्या प्रदेशाचे लोकपाल कार्यालय भोपाळला आहे. परदेशी जाताना आणखी एक: असे साहित्य आपण इथूनच नेले, याचा दाखला निघतानाच विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून घ्यावा, म्हणजे परतताना आपल्याच वस्तूवर शुल्क देण्याची पाळी येत नाही.

तिसरी गोष्ट यादी. ती करायला एक पूर्ण दुपार लागली. प्रत्येक वस्तूचे नाव, बनावट, क्रमांक, कोठून व केव्हा घेतली, किती दिले, सर्व्हिसिंग केव्हा केले. प्रत्येकीचे छायाचित्र, क्रमांक दिसेल असे. एक प्रत तिच्या फोनमध्ये, एक माझ्या कपाटात, एक विमा प्रतिनिधीकडे. वापरलेली वस्तू घेतली, तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर दोन ओळी आणि सही. विमानतळावर बॅग सोपविण्यापूर्वी उघड्या बॅगेचे एक छायाचित्र; परत मिळाल्यावर बोट सुटली तरी चालेल, पण उघडून पाहिल्याशिवाय सही नाही.

आई खुर्चीत बसून हे सगळे ऐकत होती. तिने विचारले, “एकूण नग किती झाले?” कन्येने मोजून सांगितले, “तेवीस, आजी.” “तळाशी लिही,” आई म्हणाली. “मधला एखादा कागदावरून खोडला, तर बेरजेने कळते.” पणजीच्या यादीखालच्या त्या आकड्याचा अर्थ मला पासष्टीनंतर कळला.

त्या बटाईदाराचे नाव मला आठवत नाही. आठवावे म्हणून मी प्रयत्न केला. जुन्या दैनंदिन्या चाळल्या. दैनंदिनीत त्या दिवशी मी किती पंचनामे केले, हा आकडा आहे, बागेच्या मालकाचे नाव आहे, बटाईदाराचे नाही. ते मी लिहिले नव्हते, म्हणून ते कोठेच नाही. इतरांच्या वस्तूंच्या नोंदी करण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या हातून सुटलेला हा एक नग आहे. तो आता कोणत्याही लोकपालाकडे जाऊन मिळणारा नाही, म्हणून निदान इथे नोंदवून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात कन्या पुन्हा निघाली, तेव्हा बॅगेच्या चेनेच्या आतल्या कापडी कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये घातलेली यादी होती. तिच्या तळाशी तिने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढविली होती: ‘शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमान नाही’. मी कारण विचारले. ती म्हणाली की, खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात व शरीरात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बाटलीतल्या सोड्यासारखे बुडबुडे होतात. एकच साधी बुडी असेल तर किमान बारा तास, रोजच्या अनेक बुड्यांनंतर किमान अठरा, आणि विशेष खोल व लांब बुड्यांनंतर त्याहूनही पुष्कळ अधिक थांबावे, असे पाणबुड्यांच्या वैद्यकाचे सांगणे आहे. आता ती परत निघायची असली, की आई मला फोन लावायला सांगते आणि स्वतः फोन घेऊन विचारते, “बाई, शेवटची बुडी किती वाजता मारलीस?” तिकडून उत्तर आले की बोटांवर तास मोजते, आणि मगच मला इंदूरला गाडी पाठवायला सांगते.